कॅमेऱ्याचं काम कोण करणार?

दिवाळी आटोपली, धानाची कापणी-मळणी सुरू झाली की भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. वरठीचा माणूस कारखान्यातली पाळी संपवून घरी येतो, जेवतो, शाल घेतो आणि जवळच्या एखाद्या गावी पेंडालात जाऊन बसतो. नाटक दहा-साडेदहाला सुरू होणार आणि पहाटेपर्यंत चालणार. त्याच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये हवा तो चित्रपट. समोर मंचावर चाललेली गोष्टही पुष्कळदा त्याला आधीच ठाऊक असते, कारण ती कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटातून उचललेली असते, निदान त्या वळणावर गेलेली असते. तीच गोष्ट घरात अंथरुणावर पडून पाहता येते. मग तो थंडीत तिकीट काढून का बसतो?

या कोड्याचं उत्तर मिळालं की नाट्यवेड्यांमधला एक जुना वादही सुटायला मदत होते. गाजलेल्या चित्रपटावरून संगीत नाटक करायचं असेल तर ते मूळ चित्रपटापेक्षा सरस असलं पाहिजे का? की चित्रपट जसाच्या तसा उतरवणं हाच प्रामाणिकपणा? माझं मत आधीच सांगून टाकतो. हे दोन्ही हट्ट चुकीच्या जागेपासून सुरू होतात. चित्रपटात अर्धी गोष्ट कॅमेरा सांगत असतो आणि मंचावर कॅमेरा नसतो. त्यानं केलेलं काम आता कोण करणार, हे ठरवणं हाच रूपांतराचा खरा धंदा. ते नीट ठरलं तर नाटक कधी मूळ चित्रपटाच्याही वर जातं, कधी त्याच्या बरोबरीनं चालतं. ते ठरवलंच नाही, तर सरस करण्याच्या नादात केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

झाडीपट्टीचा मंच

भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडीपट्टी. दंडार हा इथला जुना लोकनाट्याचा प्रकार. त्याच्या जोडीनं आजची झाडीपट्टी रंगभूमी वाढली. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे आहेत आणि गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो, कारण त्यात धान घरात आलेलं असतं आणि हातात थोडा पैसा असतो. कुठे मंडईच्या निमित्तानं, कुठे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं नाटक लागतं. याच रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

इथलं नाटक संगीत असतंच. ऑर्गन आणि तबला मंचाजवळ बसलेले असतात, नट स्वतः गातो, मध्येच ताज्या चित्रपटातल्या गाण्यावर नाच होतो. आणखी एक माणूस असतो. तो प्रेक्षकांच्या नजरेत येत नाही, पण सगळा खेळ त्याच्या जिवावर चालतो. तो म्हणजे प्रॉम्प्टर. हंगामात रोज रात्री नवं गाव असतं, तालमीला वेळ कमी मिळतो. त्यामुळे प्रॉम्प्टर मंचापुढे वही घेऊन बसतो आणि वाक्य पुरवत जातो. नट ते वाक्य कानानं उचलतो, वर टांगलेल्या माइकखाली येतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो.

हे सगळं सांगितलं, कारण चित्रपटाची गोष्ट या मंचावर आली की तिचं काय होतं ते इथे उघड दिसतं. मुंबईच्या मोठ्या नाट्यगृहात यंत्रं आणि दिवे बरंच काही झाकून नेतात. झाडीपट्टीत झाकायला फारसं काही नसतं.

जवळचं आणि दूरचं

‘सैराट’ (२०१६) आठवा. नागराज मंजुळे यांनी त्याचा शेवट कसा केला, ते पाहिलेला कोणी विसरलेला नाही. लहान मूल घरात येतं, आई-बाप रक्तात पडलेले पाहतं आणि रडत बाहेर जातं. जमिनीवर त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज पूर्ण बंद असतो.

आता हा प्रसंग पेंडालात करून पाहू. दहाव्या रांगेतल्या माणसाला पावलांचे ठसे दिसत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाकडून रोज रात्री ठरल्या जागी रडून घेता येत नाही. आणि शांतता? पेंडालात लेकरं रडतात, कोणी खोकतो, बाहेर चहाच्या ठेल्यावर गप्पा चालू असतात. म्हणजे या प्रसंगाला ज्या तीन गोष्टींनी ताकद दिली, ते बारीक दृश्य, ते मूल आणि ती शांतता, त्यांतली एकही मंचावर जशीच्या तशी येत नाही. इथे ‘मूळ चित्रपटाशी प्रामाणिक राहा’ या सल्ल्याचा काही उपयोग नाही. प्रामाणिक राहायचं तरी कशाशी? ठशांशी, की ठसे पाहून पोटात जे होतं त्याच्याशी?

याच्या उलट दिशेचा धडा मराठी रंगभूमीनं फार पूर्वी घेतला आहे. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची पुरुषभूमिका केली. पण १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरेच्या भूमिकेत उभे राहिले. मंचावर ज्या बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत, तेच बालगंधर्व पडद्यावर चालले नाहीत. गायन तेच होतं, अभिनयही तोच होता. मधलं अंतर मात्र नाहीसं झालं होतं. प्रेक्षक आणि नट यांच्यात जी वीस-तीस हातांची जागा असते, तिच्यात प्रेक्षक स्वतःच्या कल्पनेनं रंग भरतो. कॅमेरा ती जागा खाऊन टाकतो. पन्नाशीला टेकलेल्या पुरुषाचा चेहरा पडद्यावर भिंतीएवढा झाला आणि कल्पनेला जागाच उरली नाही.

कॅमेरा जवळ नेतो आणि सगळं दाखवतो. मंच दूर ठेवतो आणि उरलेलं प्रेक्षकाकडून करवून घेतो. रूपांतराचा सगळा खेळ या फरकात आहे.

चेहऱ्याच्या जागी गाणं

चित्रपटात मनातलं सांगायचं असेल तर कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. डोळा ओला होतो, ओठ हलतो, काम झालं. मंचावर हे काम गाणं करतं. गाणं सुरू झालं की गोष्टीतलं घड्याळ थांबतं. एका क्षणाची घालमेल चार मिनिटं ताणता येते आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. नव्या संगीतकाराला मी एकच सांगेन. चित्रपट पाहताना कॅमेरा जिथे जिथे चेहऱ्याजवळ गेला तिथे खूण करा. तुमच्या गाण्यांच्या जागा त्याच.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘मुघल-ए-आझम’ आहे. के. आसिफ यांच्या १९६० च्या चित्रपटात सलीम हा नायक, पण दिलीपकुमार यांच्या तोंडी एकही गाणं नाही. बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज तानसेनाचा म्हणून दुरून येत राहतो आणि सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो. मधुबालाच्या पापण्या, पिसाचं टोक, एवढंच दिसतं. प्रेमाचा प्रसंग म्हणून याला आपल्या चित्रपटात तोड नाही, आणि त्यातलं जवळजवळ सगळं काम कॅमेऱ्याचं आहे. चौथ्या रांगेपासून मागे पीस दिसणारच नाही. मंचावर प्रेम दाखवायचं तर आवाज, हालचाल आणि दोघांमधलं अंतर एवढंच हाताशी उरतं.

कानात बसलेली रेकॉर्ड

इथे आपली अडचण अमेरिकेपेक्षा वेगळी आहे, आणि हे नीट ध्यानात घेतलं जात नाही. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, चित्रपटावरून संगीत नाटक होतं तेव्हा मूळ चित्रपटात बहुधा गाणी नसतात. संगीतकार कोऱ्या पाटीवर लिहितो. आपल्याकडे चित्रपटात गाणी आधीच असतात, तीही अशी की प्रेक्षकाला त्यांतली प्रत्येक हरकत पाठ असते. ‘सैराट’चं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद बसवून मुद्रित केलं. तीच चाल पेंडालात एका ऑर्गनवर आणि तबल्यावर उभी करायची आहे. नक्कल करायला गेलं की तोकडेपणाच आधी ऐकू येतो.

नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात जुनी काही पदं ठेवली आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी घातली. मंचावरून पडद्यावर जाणारा हा उलटा प्रवास, पण अडचण तीच. ऐकणाऱ्याच्या कानात वसंतराव आधीच बसलेले. म्हणून जुन्याच्या शेजारी नवं ठेवावं लागलं. जुन्या पदांना हात न लावता कथेला जिथे नवी गरज होती तिथे नवं गाणं दिलं, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

रेकॉर्डशी स्पर्धा करता येत नाही, पण रेकॉर्डला जे कधीच जमणार नाही ते करता येतं. गाणारा माणूस समोर गातो, त्याचा श्वास ऐकू येतो, तान चुकेल की काय ही धास्ती असते आणि ‘वन्स मोअर’ला तो वेगळ्या जागा घेतो. ‘मुघल-ए-आझम’चं संगीत नाटक फिरोज अब्बास खान यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत उभं केलं तेव्हा नेमकं हेच साधलं. चित्रपटात मधुबालाचा चेहरा आणि लताबाईंचा आवाज अशी वाटणी होती. मंचावर अनारकली स्वतः गाते. ही भूमिका आपल्या पुण्याच्या प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम आलटून-पालटून करत. नौशाद यांची जुनी गाणी ठेवलेली, भोवती कथकच्या नर्तकींचा ताफा. लताबाईंपेक्षा चांगलं गाण्याचा प्रश्नच नव्हता. मधल्या काळात जो तुकडा पडला होता, चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा, तो मंचानं सांधला. ही सुधारणा म्हणायची का? माझ्या मते होय, आणि ती चित्रपटाची चूक काढून झालेली नाही. मंचाला प्लेबॅक शोभत नाही म्हणून ती झाली.

> चौकट : अनारकलीच्या गोष्टीचा प्रवास
>
> १९२२ : इम्तियाज अली ताज यांचं उर्दू नाटक ‘अनारकली’. शेवटी अनारकली भिंतीत चिणली जाते.
> १९६० : के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’. अकबर तिला गुपचूप भुयारातून निसटू देतो. बहुतेक चित्रपट कृष्णधवल, शीशमहालाच्या गाण्यासारखा काही भाग मात्र रंगीत.
> २००४ : चित्रपट संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित.
> २०१६ : फिरोज अब्बास खान यांचं संगीत नाटक. पैसा पुन्हा शापूरजी पालनजी यांचा, ज्यांनी १९६० च्या चित्रपटालाही पैसा पुरवला होता.

चौकटीकडे पाहिलं तर एक गोष्ट लगेच दिसते. आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो तो चित्रपट स्वतःच एका नाटकाचं रूपांतर आहे. आणि आसिफ यांनी ताज यांचा शेवट बिनदिक्कत बदलला. मूळ म्हणजे पवित्र, त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी मानलं असतं तर पृथ्वीराज कपूर यांचा तो अकबर आपल्याला मिळालाच नसता.

न लपवता दाखवणं

दृश्याचा प्रश्न उरतोच. शीशमहालात अनारकलीची प्रतिमा छतातल्या शेकडो आरशांत एकाच वेळी नाचते, ते मंचावर कसं आणायचं? एक मार्ग पैशाचा आहे, मागच्या पडद्यावर चित्रं फेकण्याचा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आणि तो झाडीपट्टीला परवडणारा आहे.

डिस्नेचा ‘द लायन किंग’ १९९४ साली पडद्यावर आला. १९९७ साली ज्युली टेमोर यांनी तो ब्रॉडवेवर आणला. सिंह दाखवायचे तर नट केसाळ कातड्यात लपवता आले असते. त्यांनी मुखवटा नटाच्या डोक्यावर, कपाळाच्या वर बसवला. मुखवटाही दिसतो आणि त्याखाली माणसाचा चेहराही. गवताळ रान दाखवायला डोक्यावर गवताचे चौकोन घेतलेली माणसं संथ चालत येतात. विल्डबीस्ट या प्राण्यांचा कळप दरीत धावून येतो तो प्रसंग तर शिकण्यासारखा आहे. अगदी मागे गुंडाळ्यांवर लहान लहान आकृत्या फिरतात, त्यांच्या पुढे थोड्या मोठ्या आणि सर्वांत पुढे मोठाले मुखवटे घेतलेले नर्तक. लहानाकडून मोठ्याकडे नजर आली की कळप अंगावर आल्यासारखा वाटतो. युक्ती सगळ्यांना दिसते, तरी अंगावर काटा येतो. चित्रपट युक्ती लपवून विश्वास मिळवतो, मंच ती उघडी ठेवून मिळवतो.

टेमोर यांनी कथेतही हात घातला. चित्रपटात रफीकी हे माकड नर आहे, नाटकात ती बाई आहे, गाणारी, गोष्टीला हात धरून नेणारी. चित्रपटात बायकांना काम कमी होतं, ते टेमोर यांना खटकलं. इथे सुधारणा हा शब्द सरळ लागू पडतो.

सुधारावं कधी

आपल्याकडे धानाची रोवणी सगळ्यांनी पाहिलेली असते. पऱ्हे उपटताना मुळं तुटतात आणि रोप चार दिवस पिवळं पडतं. पण बांधीत मोकळी जागा मिळाली की त्याला फुटवे येतात, जे दाटीत कधीच आले नसते. मात्र रोप फार खोल रोवलं की फुटवे कमी होतात. चित्रपटाची कथा मंचावर आणताना असंच होतं. तिची कॅमेऱ्याची मुळं तुटणारच. नव्या जागी वाढायला तिला मोकळीक हवी. मूळ चित्रपटाचा प्रत्येक बारकावा धरून ठेवला तर ती खोल रोवल्यासारखी जिथल्या तिथे अडकते.

म्हणूनच ज्या चित्रपटावर लोकांचा जीव जडलेला नाही, त्याचं नाटक पुष्कळदा जास्त चांगलं होतं. रॉजर कॉर्मन यांनी १९६० साली ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा माणसं खाणाऱ्या झाडाचा विनोदी चित्रपट केला. त्याचं मुख्य चित्रीकरण जेमतेम दोन दिवसांत उरकलं होतं. कथा भन्नाट, पण काम घाईचं. १९८२ साली हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेन्केन यांनी त्याचं संगीत नाटक केलं. रस्त्यावरच्या तीन मुली गात गात सूत्रधाराचं काम करू लागल्या, झाड म्हणजे आत माणूस बसलेली प्रचंड बाहुली झाली आणि नायकाच्या गरिबीला गाणं मिळालं. आज जगभर लोक ओळखतात ते नाटक. कोणी त्याची मूळ चित्रपटाशी तुलना करत नाही, कारण मूळ कोणाच्या कानात बसलेलंच नव्हतं.

याउलट ‘शोले’ किंवा ‘पिंजरा’ घेणाऱ्यानं आधीच ओळखावं की प्रेक्षक संवाद नटाच्या आधी म्हणणार आहे. तिथे सुधारायला जाऊ नये, जागा बदलाव्यात. दहा ठिकाणी घडणारी गोष्ट एका ओसरीवर आणावी, पाठलाग काढून टाकावा, पाठलागानंतर धाप लागलेला माणूस घरात शिरतो तिथून प्रसंग सुरू करावा. आपल्या नाटककारांना हे अंगवळणी आहे, फक्त चित्रपट डोळ्यांपुढे असला की ते विसरतात आणि मंचावर मोटारसायकल आणतात.

व्यवहाराची एक बाब सांगायलाच हवी. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि लेखक-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कल्पना कोणाच्या मालकीची नसते, तिची मांडणी असते. चित्रपटाचे प्रसंग आणि संवाद उचलायचे तर परवानगी घ्यावी लागते. नुसतं बीज घेऊन स्वतःचं पीक काढलं तर नाटकही बरं होतं आणि नोटीसही येत नाही.

मेलेला नट उठतो

‘लिटल शॉप’ची गोष्ट अजून पुरती संपलेली नाही. नाटकात शेवटी झाड नायक-नायिकेसकट सगळ्यांना खातं, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत घरी जातात. १९८६ साली फ्रँक ऑझ यांनी या नाटकावर पुन्हा चित्रपट केला आणि शेवट तोच ठेवला. प्रदर्शनाआधी काही प्रेक्षकांना तो दाखवला, तर लोक नाराज झाले. शेवटी नायक-नायिकेला जिवंत ठेवणारा नवा शेवट चित्रित करावा लागला. असं का व्हावं? ऑझ यांनी दिलेलं कारण फार नेमकं आहे. नाटकात मेलेले नट पडदा पडल्यावर पुन्हा येऊन वाकून नमस्कार करतात. चित्रपटात मेलेला मेलेलाच राहतो.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे हाती लागतं. पेंडालात बसलेल्या माणसाला गोष्ट ठाऊक असते. तो गोष्ट ऐकायला येत नाही. समोरचा जिवंत माणूस ती आज रात्री कशी पार पाडतो ते पाहायला तो येतो. नायिका विष पिते तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तासाभरानं तीच नायिका पेंडालामागे चहा पिताना त्याला दिसते. दोन्ही खरं. या दुहेरी जाणिवेमुळे मंच चित्रपटापेक्षा कडक शेवट सोसू शकतो.

आपल्या झाडीपट्टीच्या लेखकांनी याचा फायदा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. हुंडा, कर्ज, जात, दारू हे विषय इथे वर्षानुवर्षं मंचावर येत आहेत आणि लोक ते रात्रभर बसून पाहतात. चित्रपटानं गल्ल्यासाठी जो शेवट गोड केला, सासऱ्याचं मन पालटवलं, सावकाराला रडवलं, तो नाटकात आणताना तसाच उचलू नये. गोष्ट जिकडे चालली होती तिकडे तिला जाऊ द्यावं. नायक हरला तर हरू द्यावा, आणि मग त्याच नटाला पुढे बोलावून गावाला नमस्कार करू द्यावा.